कानाच्या टोकापर्यंत

मागच्या खोलीत भूत आहे हे खड्याला पहिल्यांदा चुलीने सांगितलं.

संध्याकाळी तो, त्याची बायको आणि मुलगी मुंगी, अशी तिघं कुलूप काढून आत आली. बायकोने चूल पेटवायला हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला.

"अहो, चूल गरम आहे."

"गरम कशी असेल? काल विझवून गेलो आपण."

"मग तुम्ही हात घालून बघा."

खड्याने हात घातला नाही. खडा हे नाव त्याला मिठागरात पडलं होतं, पण नावात जेवढा कडकपणा होता तेवढा माणसात नव्हता. स्वतःची शिंक ऐकून "कोण आहे?" असं विचारणारा तो माणूस. त्याने लांबूनच काडीने राख उकरली. आत निखारा होता, लालबुंद, जागा. पाण्याचा हंडा भिंतीपासून वीतभर सरकला होता. खोलीभर कसलासा आंबूस वास होता. बायकोला डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून तिचं नाक चौघांचं काम करायचं.

"पेज आहे," ती म्हणाली. "कुणीतरी इथं भाताची पेज केलीय. आणि प्यायलेली नाही."

"भुतं पेज पीत नाहीत का?" मुंगीने विचारलं.

"गप्प बस!" खडा ओरडला, आणि ओरडला ते बरंच झालं. कारण या खोलीत भ्यायचं तेही मोठ्या आवाजात. इथे माणसं राहतात हे शेजाऱ्यांना ऐकू जायला हवं होतं.

तिघं तिथे राहत नव्हती. राहतात असं दिसत होतं, एवढंच. शाळा पुलाच्या अलीकडे आणि मिठागर पुलाच्या पलीकडे; आणि पुलाच्या अलीकडे ज्याचं घर त्याचंच मूल शाळेत, असा नियम. शाळा सरकारी होती, फुकट होती, आणि मोठ्या बाईंचं शिकवणं असं की त्यांच्या हाताखालून गेलेला बैलसुद्धा आधी सही करतो आणि मग दावणीला बांधून घेतो, असं लोक सांगायचे. त्यामुळे बाकं थोडी आणि पोरं फार. उरलेली पोरं यादीत थांबायची आणि त्यांचे आईबाप जीव मुठीत धरून त्यांच्याबरोबर थांबायचे.

म्हणून खड्याने गुंडीआजीची ही मागची खोली घेतली. म्हातारी शिवणकाम करायची आणि शिवताना गालात गुंड्या धरायची, त्यामुळे बोलली की खुळखुळायची. भाडं तिने मागितलं नाही. वर्षाचं मीठ मागितलं. "विहिरीकडचं दार तुझं," ती म्हणाली होती. "बोळाकडच्या दाराला हात लावायचा नाही. ते बंद असतं." खड्याने तेवढंच ऐकलं. रोज संध्याकाळी यायचं, दिवा लावायचा, चूल पेटवायची, विहिरीवरच्या बायकांना दिसेल असं ओलं धुणं वाळत घालायचं, जेवायचं, आणि अंधार पडला की पूल ओलांडून मिठागरातल्या झोपडीत परत. रोजची कवायत.

भीती फक्त पावलांची होती. मिठागरात दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहिलेल्या माणसाचे पाय कितीही धुवा, वाळले की पांढरे होतात. खडा पुलावर पाय घासायचा, विहिरीवर धुवायचा, तरी खोलीतल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्याचं पाऊल उमटायचंच. टाचेच्या भेगेसकट. निघताना बायको चाचपडत पुसायची. पण जिला दिसत नाही ती पुसणार किती?

"चल, हात," खडा म्हणाला.

मुंगी समोर उभी राहिली. जन्माचे दाखले फार थोड्या घरांत होते, त्यामुळे मोठ्या बाई जुन्या पद्धतीने वय बघायच्या. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा. बोटं डाव्या कानाला लागली तर मूल पहिलीच्या वयाचं. लागलीच नाहीत तर लहान. आणि हात कान ओलांडून गालावर उतरला तर घोडं झालं. घोड्याला पहिलीत जागा नाही.

मुंगीचा हात हनुवटीपर्यंत यायचा. दोन हंगाम यादीत थांबण्यातच तिचं वय निघून गेलं होतं. अंगाने मात्र ती एवढीशी. मिठातली पोरं वाढत नाहीत, मुरतात. फक्त हात तेवढे लांबले होते, बापावर गेलेले.

तिने हात डोक्यावरून नेला. बोटं कानाच्या वरच्या टोकाला लागताच खडा खोकला. हात तिथेच थांबला. कोपर किंचित वाकवलेलं, खांदा आत ओढलेला, चेहरा असा की बिचारीला एवढंच जमतंय.

"शाबास. मी खोकलो की?"

"थांबायचं."

"कुठंही?"

"कुठंही."

नाव घालायच्या दिवशी हाच खोकला कामाला आला होता. प्रवेशाच्या दिवशी पुन्हा लागणार होता. पोर इतकी तयार झाली होती की पुलावर कुणी म्हातारा खोकला तरी तिचा हात जागच्या जागी थबकायचा.

दुसऱ्या दिवशी मिठागरात वारा फिरला.

कोरडा वारा असला की वाफ्यातलं पाणी आटतं आणि तळाशी मीठ धरतं. ओला वारा सुटला की धरलेलं मीठसुद्धा, माहेरची आठवण आल्यासारखं, पुन्हा पाण्याकडे बघायला लागतं. मुकादम बांधावरून हिंडत होता आणि आभाळाला शिव्या घालत होता. सगळे कमरेतून वाकून लांब दांड्याची लाकडी फावडी ओढत होते. फावडं हातांनी ओढायचं नसतं, कमरेने ओढायचं. हातांनी ओढणाऱ्याचे हात चौथ्या दिवशी घरी राहतात, असं तिथे म्हणत. टाचांच्या भेगांत मीठ जाऊन बसतं आणि चालताना आतून बोलतं. ऊन तिथे वरून पडत नाही, खालून उगवतं. पांढऱ्या राशींवरून ते डोळ्यांत शिरतं आणि बाहेर पडायची वाट विसरतं.

खड्याच्या बायकोच्या डोळ्यांत असंच ते शिरलं होतं. तिच्या बुबुळांवर दूध उतरलं होतं. ती ऐकून मीठ ओढायची. फावडं चिखलाला लागलं की खरवडल्याचा आवाज वेगळा आणि मिठाला लागलं की वेगळा.

मुंगी गोड्या पाण्याची घागर घेऊन बांधावरून फिरत होती.

"खडा," मुकादमाने हाक मारली. "पोरीला फावडं कधी देतोस?"

"लहान आहे हो अजून. दांडा पेलायची नाही."

"लहान? गेल्या हंगामात पण लहानच होती. ए पोरी, हात लांब कर बघू."

मुंगीने हात पुढे केला. खडा खोकला. हात कोपरातच अडला.

"आखूड आहेत," मुकादम नाराजीने म्हणाला. "एवढं मीठ खाऊन वाढत नाही म्हणजे कमाल आहे. वाढली की सांग. मला माणसं कमी पडतायत."

तो पुढे गेला. मुंगीने घागर बापाच्या ओंजळीवर धरली. तिचे डोळे बारीक झाले होते, कडांना पाणी होतं.

"बाबा, त्या तिकडं राशी दोन आहेत ना?"

खड्याने बघितलं. रास एकच होती.

"तुला दोन दिसतात?"

"कधी दोन, कधी एक. डोळे चोळले की एक."

खड्याच्या ओंजळीतलं पाणी सांडलं. त्याच्या बायकोचंही असंच सुरू झालं होतं. आधी दोन, मग चार, मग सगळंच पांढरं. त्याने पोरीच्या डोक्यावर आपलं फडकं टाकलं, डोळ्यांवर ओढलं आणि म्हणाला, "इकडं बघू नकोस. खाली बघ." पण खालीही मीठच होतं.

सुट्टीच्या दिवशी शाळेत काम असायचं. यादीत थांबलेल्या पालकांनी शाळेची भिंत लिंपायची, अंगण झाडायचं, बाकांचे पाय ठोकायचे. ज्यांची पोरं आत होती ते पालक सावलीत बसून काम नीट चाललंय का ते बघायचे. त्याचाही थकवा येतोच. पालक मंडळाचे अध्यक्ष घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यात भिंग बसवायची त्यांना इतकी सवय की रस्त्यातसुद्धा ते काढत नसत. एका डोळ्याने घड्याळं सुधारायची आणि दुसऱ्याने माणसं बिघडवायची, असं लोक त्यांच्या पाठीमागे म्हणत. पाठीमागेसुद्धा हळूच.

"एक जागा रिकामी झालीय," घड्याळवाल्यांनी जाहीर केलं. "ट्रकवाल्याचं बिऱ्हाड हललं."

भिंत लिंपणारे सगळे हात थांबले.

"यादीत पहिलं नाव इस्त्रीवालीच्या पोराचं. दुसरं खड्याच्या पोरीचं. तिसरं पंक्चरवाल्याच्या पोराचं. आता नेहमीप्रमाणे घरं तपासायची. वरच्याचं घर खालच्याने बघायचं. खालच्याइतकं बारीक कुणी बघत नाही." ते स्वतःच्या शहाणपणावर हसले. "खोटं निघालं तर नाव कायमचं बाद. ते मूल या शाळेची पायरी चढणार नाही."

"आणि एका घरातली दोन असतील तर?" कुणा बाईने विचारलं.

"एका घरातून एका वर्षी एकच. मोठं आधी."

पंक्चरवाला खड्याजवळ येऊन उकिडवा बसला. त्याच्या नखांत रबराचा काळा चिकट थर होता. "म्हणजे तुझं घर मी बघायचं. विहिरीजवळ राहतोस ना? येतो. ट्यूबला भोक कुठं आहे ते पाण्यात बुडवल्याशिवाय कळत नाही. बुडबुडे आले की बोट ठेवायचं."

खडा घड्याळवाल्यांकडे वळला. "आणि ही इस्त्रीवाली," त्याने विचारलं, "ती कुठं राहते?"

"बोळातून सरळ जा. गुंडीआजीची मागची खोली."

खड्याच्या हातातला चिखलाचा गोळा त्याच्याच पायावर पडला.

दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याचं मुकादमाला सांगून तो सकाळीच निघाला. पोट खरंच बिघडलं होतं, त्यामुळे खोटं बोलल्याचं पाप लागलं नाही. बोळाकडून तो कधी आलाच नव्हता. ज्या दाराला आतून कधी हात लावायचा नव्हता, त्यावर त्याने बाहेरून थाप मारली.

दार उघडलं. हातात कोळशांची इस्त्री घेतलेली एक आडव्या अंगाची बाई उभी होती. तिने आधी त्याचं तोंड बघितलं आणि मग नजर खाली नेली. दोघांच्या मधल्या उंबऱ्यावर त्याचं ओलं पाऊल वाळत होतं. पांढरं होत होतं.

बाई अशी किंचाळली की विहिरीवरची कबुतरं उडाली.

"हीच! हीच ती पावलं! रोज सकाळी पुसते मी! टाचेला भेग असलेलं भूत!"

"मी भूत नाही हो, मी खडा!"

"दगड असो नाहीतर धोंडा! जवळ आलास तर भाजून काढीन!"

"चूल तुम्हीच गरम ठेवता का?" खड्याने जीव मुठीत धरून विचारलं. "आणि पेज?"

बाईने इस्त्री खाली घेतली. "पेज नाही. खळ. कपड्यांना खळ नको?" मग तिच्याही डोक्यात प्रकाश पडला. "हंडा पाण्याने भरून कोण ठेवतं? मी म्हटलं, भूत आहे पण कामसू आहे."

कपड्यांच्या गाठोड्यावर एक गोल पोरगा बसला होता आणि दोघांकडे मजेत बघत होता. तो तिचा ढब्बू. त्याच्या मनगटावर इस्त्रीच्या चटक्याचा जुना डाग होता.

ओरडा ऐकून गुंडीआजी आली. तिला दोघांनी एकदम धारेवर धरलं. ती गालातल्या गुंड्या सावरत उभी राहिली.

"ओरडता कशाला? खोली एकच आहे, पण दिवस मोठा आहे. सकाळ हिची, संध्याकाळ तुझी. हिला बोळाकडचं दार दिलं, तुला विहिरीकडचं. हिने माझे कपडे कडक ठेवले, तू माझी आमटी खारट ठेवलीस. मी कुणाला फसवलं?"

"आम्ही बुडालो ना, आजी!" इस्त्रीवाली म्हणाली. तिचं खरं घर खाडीवर, धुण्याच्या घाटापलीकडे. नवरा बोटीवर गेला होता आणि बोट परत आली होती. "घड्याळवाल्याला कळलं तर पोरगा कायमचा बाद."

हिचं घर खोटं आहे असं खड्याने जाऊन सांगितलं असतं तर इस्त्रीवाली यादीतून गेली असती, पण खोली तीच. पंक्चरवाला तिथेच बोट ठेवणार. एका भोकातून दोघांची हवा जाणार.

आणि तेवढ्यात विहिरीकडच्या दाराबाहेर कुणीतरी शीळ घातली. दाराच्या फटीतला उजेड गेला. फटीला डोळा लागला होता.

ढब्बूसुद्धा हलला नाही. डोळा फटीत वर गेला, खाली आला, आणि जमिनीवरच्या पांढऱ्या पावलापाशी थांबला.

"अगं बाई!" गुंडीआजी एकदम मोठ्याने म्हणाली. "सख्खा भाऊ आला सकाळी सकाळी, आणि बहीण त्याला दारातच उभा करते! बस रे, बस!"

इस्त्रीवालीने खड्याकडे बघितलं. खड्याने इस्त्रीवालीकडे.

"बस ना, दादा," ती म्हणाली. आवाज इस्त्रीतल्या कोळशासारखा तडतडला.

"बसतो, ताई," खडा म्हणाला, आणि ढब्बूच्या शेजारी गाठोड्यावर बसला.

फटीतला उजेड परत आला. पावलं विहिरीकडे गेली.

"आता तुम्ही एक घर," म्हातारी कुजबुजली. "भाऊ, वहिनी, बहीण, दोन पोरं. सगळी इथंच राहता. उद्या घड्याळवाला येणार हे नक्की. त्या पंक्चरवाल्याने बुडबुडे बघितलेत."

"पण एका घरातून एकच..." इस्त्रीवाली म्हणाली आणि गप्प झाली.

"मोठं आधी," खड्याने तिचं वाक्य पुरं केलं. त्याने ढब्बूकडे बघितलं. गोल, मऊ, पुढचा एकच दात नुकता पडलेला. मुंगीचे तर नवे दात येऊन झिजायला लागले होते. खड्याला हलकं वाटलं आणि त्या हलकेपणाची त्याला लाजही वाटली. "मान्य," तो म्हणाला.

"मला पण मान्य," इस्त्रीवाली म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की त्याला शंका यायला हवी होती. तिने मुंगीला पुलावरून येता-जाता बघितलं होतं. एवढीशी पोर.

झोपडीत त्याने बायकोला सांगितलं. "मोठं आधी. आपली मोठी आहे."

बायको पहिल्यांदा हसली. "म्हणजे मोठी असण्याचा कधीतरी उपयोग झाला म्हणायचा."

"पण उद्या मुकादम..."

आभाळ खाली आलं होतं. ओला वारा झोपडीच्या झडपा हलवत होता. मुकादमाने संध्याकाळीच सांगितलं होतं: उद्या उजाडल्यावर सगळ्यांनी वाफ्यावर, राशी उचलून झाकायच्या. ज्याचं फावडं उद्या दिसणार नाही त्याचं परवा पण दिसायला नको.

"मुकादमाचं मग बघू," बायको म्हणाली. "आधी पोरीचे डोळे."

सकाळी तिघं पुलावरून निघाली तेव्हा मागे मिठागरात हाका सुरू झाल्या होत्या. खड्याने मागे वळून बघितलं नाही. आपलं नाव त्या हाकांमध्ये आहे का, हे ऐकायला नको म्हणून तो मोठ्याने बोलत चालला. "इस्त्रीवाली कोण तुझी?"

"आत्या," मुंगी म्हणाली.

"ढब्बू?"

"आत्याचा. आणि भूत कोण?"

"भूत कुणी नाही."

"मग इतके दिवस आपण कुणाला भ्यायचो?"



खोलीत दोन पथाऱ्या घातल्या होत्या. इस्त्रीवालीने मुंगीचा परकर आणि ढब्बूची चड्डी एकाच दोरीवर टाकली. खड्याच्या बायकोच्या हातात तिने तांदळाचं सूप दिलं. "वहिनी, तुम्ही निवडत बसा."

"मला खडे दिसत नाहीत हो, वन्सं."

"एक खडा तर घरातच आहे. बाकीचे हाताने शोधा."

दोघी हसल्या, आणि मग एकदम थांबल्या, कारण दारात सावल्या पडल्या.

घड्याळवाले भिंग बसवूनच आले होते. मागे मोठ्या बाई, पदराने घाम पुसत. त्यांच्या मागे पंक्चरवाला. मोठ्या बाईंना हे घरं तपासणं आवडत नसावं. त्या दारातच थांबल्या आणि छपराकडे बघू लागल्या. घड्याळवाले मात्र चुलीपुढे ओणवे झाले. राख चिमटीत घेऊन भिंगापुढे धरली. "राख रोजची आहे," ते म्हणाले. "दोन वेळची. सकाळचीही आणि संध्याकाळचीही." मग हंड्यात डोकावले. पथारी हुंगली. खड्याला वाटलं, हा माणूस आता आपल्या छातीला कान लावणार आणि आतली टिकटिक ऐकणार.

"ही पोर मी रोज पुलापलीकडून येताना बघतो," पंक्चरवाला म्हणाला.

"येणारच की!" इस्त्रीवाली कडाडली. "दादा-वहिनी मिठावर कामाला. वहिनीला दिसत नाही, पोर हात धरून नेते आणि हात धरून आणते. तुमच्या घरात कुणी आंधळ्याचा हात धरत नाही वाटतं?"

त्यातला शब्दन् शब्द खरा होता, फक्त घर सोडून.

"आणि ही पांढरी पावलं?" पंक्चरवाल्याने बोट दाखवलं.

बायकोने पुसली होती, इस्त्रीवालीने पुसली होती, तरी ओल्या वाऱ्याने जमिनीत मुरलेलं मीठ पुन्हा वर आलं होतं. सगळ्या दिवसांची सगळी पावलं. घड्याळवाले वाकून त्यांच्या मागे मागे गेले. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून हंड्यापर्यंत, हंड्यापासून पथारीपर्यंत. भिंतीपाशी जाऊन ते सरळ झाले आणि कंबर धरून उभे राहिले.

"पाहुण्याची पावलं दारात असतात," ते म्हणाले. "ही खोलीभर आहेत. इथे माणसं राहतात. घर खरं आहे."

इस्त्रीवालीने सुस्कारा सोडला. खड्याची बायको अंदाजाने हसली.

"पण घर एकच आहे," घड्याळवाले पुढे म्हणाले. "यादीत नावं मात्र दोन. एक काढावं लागेल. मोठं कोण?"

"माझी," खडा म्हणाला.

"माझा," इस्त्रीवाली त्याच क्षणी म्हणाली.

भाऊ-बहिणीने एकमेकांकडे बघितलं नाही. मोठ्या बाई दारातून आत आल्या. "भांडू नका," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "कान सांगेल. ये रे बाळ."

ढब्बू उठला. त्याने गोल हात डोक्यावरून टाकला आणि पलीकडचा कान मुठीत धरला. सबंध. वर ओढूनही दाखवला.

"आता तू ये, बाळ."

मुंगी पुढे झाली. पायावर पाय ठेवून, खांदा आत ओढून उभी राहिली, आणि ते उभं राहणं बघितल्यावर खड्याला आठवलं. सगळं आठवलं. पोरीला मोठी म्हणून घेऊन आलो आणि लहान व्हायचं शिकवलेलं तसंच ठेवलं. काल रात्री, आज पुलावर, आत्या कोण आणि ढब्बू कोण हे सगळं पढवलं, आणि एवढंच राहिलं. आज कान धर. सबंध धर. गालावर जाऊ नकोस, पण कान धर.

तिचा हात डोक्यावरून निघाला. बोटं केसांतून पलीकडे उतरू लागली. तिची नजर बापावर होती, नेहमीसारखी. खड्याने डोळे मोठे केले. मान हलवली. पुढे, पुढे. तिला ते कळलं नाही. हे तिला कधी शिकवलंच नव्हतं. त्याने हाक मारायला तोंड उघडलं. घसा मिठासारखा कोरडा पडला होता. मुंगी म्हणायला गेला आणि त्याला खोकला आला.

हात थांबला. कानाच्या वरच्या टोकाशी. कोपर वाकलेलं, चेहरा बिचारा.

"अजून थोडा जातो का बघ," मोठ्या बाई मायेने म्हणाल्या.

मुंगीने नाही म्हणून मान हलवली. बाप खोकला होता.

"हा मोठा," बाई म्हणाल्या आणि ढब्बूच्या पाठीवर हात ठेवला. "हिचं नाव पुढच्या वर्षी बघू. हात वाढेल तोवर."

खडा पुढे सरकला. नऊ वर्षांची आहे, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलं. पण ते बोललं तर पोर घोडं ठरणार होती, आणि घोड्याला पुढचं वर्षही नव्हतं. पंक्चरवाला टक लावून त्याच्या तोंडाकडे बघत होता, कुठे बुडबुडा येतो का म्हणून. खड्याने तोंड मिटलं.

"कुणाचा पोचला?" त्याची बायको सूप धरून विचारत होती. "अहो? कुणाचा पोचला हात?"

सगळे गेल्यावर इस्त्रीवाली तिच्याजवळ बसली, तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि आपणच तांदूळ निवडायला लागली. मान वर न करता ती म्हणाली, "संध्याकाळी चूल गरमच ठेवीन, वहिनी. येत जा." तेव्हा बायकोला कळलं.

पूल ओलांडताना वारा अंगाला चिकटत होता. पलीकडे वाफ्यांवर माणसं वाकलेली दिसत होती. राशींवर झापा टाकणं चाललं होतं. बायको एका हाताने कठडा धरून चालत होती. खडा पुढे होता, कारण मागे राहिलं असतं तर पोरीचं तोंड बघावं लागलं असतं.

"बाबा," मुंगी म्हणाली, "बरोबर थांबवला ना मी?"

"बरोबर."

"तुम्ही हळू खोकलात, तरी मला ऐकू आलं."

"हो."

"आता झालं ना सगळं? आता हात पूर्ण नेऊ?"

खडा तसाच पुढे चालत राहिला. ती ते हो समजली. पुलाच्या मध्यावर उभी राहून तिने खांदा सैल सोडला आणि इतके दिवस आवळून ठेवलेला हात डोक्यावरून पलीकडे टाकला. कानावरून, गालावरून, थेट हनुवटीखाली. स्वतःचं तोंड पलीकडून धरून ती हसली. मग दोन्ही हात दोन्ही बाजूंना ताणले, वाऱ्यात, बोटांच्या टोकापर्यंत.

पुलाच्या पायथ्याशी मुकादम उभा होता. एवढा वेळ तो खड्याला शिव्या द्यायला थांबला होता, पण शिव्या राहून गेल्या. तो पोरीकडे बघत होता.

खडा खोकला. पुन्हा खोकला. पण वारा उलटा होता, आणि मुंगीला ऐकूच गेलं नाही.